वॉर्साचे जुने शहर

वॉर्साचे जुने शहर (स्तारे मियास्तो) : पोलंडच्या राजधानीचा सर्वांत जुना भाग. हा व्हिश्चुला नदीच्या डाव्या तीरावर, पात्रालगतच्या उंच कड्यावर वसलेला आहे. दक्षिणेस राजवाडा चौक, उत्तरेस बार्बिकन, पूर्वेस नदी व पश्चिमेस पोदव्हाले रस्त्यालगतची दुहेरी तटबंदी अशा याच्या सीमा आहेत. रस्त्यांची आखणी मध्ययुगीन असली, तरी बहुतेक इमारती १९४५ नंतर उभ्या राहिल्या आहेत. महायुद्धात जमीनदोस्त झालेल्या नगराची पुराव्यांनिशी केलेली फेरउभारणी म्हणून यूनेस्कोने १९८० मध्ये या भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

इतिहास : माझोव्हियाच्या ड्यूकांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस हे नगर वसविले. पोलंडने ट्यूटॉनिक सरदारसंघाविरुद्ध दाखल केलेल्या दाव्याची सुनावणी १३३९ मध्ये येथे झाली. ड्यूकांचा वंश खुंटल्यावर १५२६ मध्ये माझोव्हिया पोलंडच्या राज्यात विलीन झाला. १५६९ मध्ये पोलंड व लिथुएनिया यांचे संयुक्त राज्य झाले आणि क्राकूव्ह व व्हिल्नियस या दोन्ही राजधान्यांच्या दरम्यान असलेल्या वॉर्सात संसद भरू लागली. राजा तिसरा झिगमुंट याने १५९६ पासून दरबारही येथे हलविला. १६०७ च्या आगीनंतर व्यापाऱ्यांनी चौकाभोवतीची घरे नव्याने बांधली. पुढे श्रीमंत कुटुंबे दक्षिणेकडील रुंद रस्त्यांवर राहायला गेली आणि जुन्या शहरात गरिबांची दाटीवाटीची वस्ती उरली.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात राजवाडा पेटला. १ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन ताब्याविरुद्ध उठाव सुरू झाला. बंडखोरांनी जुने शहर महिनाभर लढविले व अखेरीस त्यांतील अनेक जण भुयारी गटारांतून मध्यवर्ती भागाकडे निसटले. २ सप्टेंबरला हा भाग पडला. युद्ध संपले तेव्हा शहराच्या ऐतिहासिक गाभ्याचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झालेला होता.

पुनर्बांधणी : १९४५ मध्ये राजधानी पुनर्रचना कार्यालय स्थापन झाले. त्याच्या वास्तुवारसा विभागाचे प्रमुख यान झाख्वातोविच होते. वॉर्सा तंत्रविद्यापीठात युद्धापूर्वी काढलेले इमारतींचे मोजमापी नकाशे उठावानंतर गुपचूप शहराबाहेर नेऊन प्योत्रकूव्ह येथील मठात दडविण्यात आले होते. ते आता कामी आले. अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याच्या चित्रांचाही आधार घेण्यात आला. मात्र त्याची चित्रे मुख्यतः रुंद रस्ते, राजवाडे व चर्च यांची आहेत. अरुंद गल्ल्यांतील घरांसाठी खरी भिस्त नकाशे, छायाचित्रे आणि ढिगाऱ्यांत सापडलेले दगडी अवशेष यांवर होती.

१९३९ चे शहर जसेच्या तसे उभारणे हा हेतू नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांतील रूप प्रमाण मानून एकोणिसाव्या शतकातील बरीच भर वगळण्यात आली. मागील बाजूची कोंदट बांधकामे पुन्हा उभारली नाहीत. जुन्या धाटणीच्या दर्शनी भिंतींमागे आधुनिक सोयींची घरे झाली. भिंतींवरील रंगीत नक्षी विसाव्या शतकातील कलावंतांची आहे. विटा कमी पडल्या तेव्हा व्ह्रोत्स्वाफसारख्या शहरांतील पडझड झालेल्या इमारतींच्या विटा आणण्यात आल्या. बाजारचौक २२ जुलै १९५३ रोजी लोकांसाठी खुला झाला. येथील प्रत्येक महत्त्वाच्या वास्तूला त्यामुळे दोन जन्मतिथी आहेत आणि दोन्ही ध्यानात घेतल्याशिवाय ती नीट समजत नाही.

प्रेक्षणीय स्थळे : दक्षिणेकडून उत्तरेकडे पायी जाणे सोयीचे पडते. राजवाडा चौकातील झिगमुंट स्तंभ तिसऱ्या झिगमुंटचा पुत्र व वारस राजा चौथा व्हवादिस्वाफ याने वडिलांच्या स्मरणार्थ १६४४ मध्ये उभारला. त्याची उंची सुमारे २२ मी. आहे. १९४४ च्या उठावात कोसळलेला स्तंभ १९४९ मध्ये नव्या ग्रॅनाइटी खांबावर पुन्हा उभा राहिला. आधीचे दोन खांब शेजारीच राजवाड्याच्या भिंतीलगत ठेवलेले आहेत. याच चौकाखालून १९४९ मध्ये वाहनांसाठी बोगदा काढण्यात आला.

राजवाड्यात ३ मे १७९१ रोजी पोलंडची लिखित राज्यघटना मंजूर झाली. १९३९ च्या आगीतून चित्रे, फर्निचर व सजावटीचे भाग वाचविण्यात राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाफ लोरेन्त्स यांचा मोठा वाटा होता. जर्मनांनी १९४४ मध्ये सुरुंग लावून भिंती उडविल्या. पुनर्बांधणीचा निर्णय १९७१ पर्यंत लांबला. ती देशातील व परदेशांतील पोलिश लोकांच्या देणग्यांतून झाली व १९८४ मध्ये वास्तू खुली झाली. मनोऱ्यावरील घड्याळ १९३९ मध्ये ११ वाजून १५ मिनिटांनी थांबले होते. १९७४ मध्ये ते त्याच वेळेपासून पुन्हा सुरू करण्यात आले. बेलोत्तोची वॉर्सादृश्ये येथील एका स्वतंत्र दालनात आहेत.

सेंट जॉन कॅथीड्रलचा युद्धपूर्व दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातील नवगॉथिक शैलीचा होता. त्याऐवजी झाख्वातोविच यांनी माझोव्हियन गॉथिक धाटणीची साधी विटांची बाजू रचली. नवे बांधकाम त्यामुळे पाडल्या गेलेल्यापेक्षा जुने भासते. बाहेरील भिंतीत जर्मन स्फोटकवाहू यंत्राच्या पट्ट्याचा तुकडा बसविला आहे. तळघरात कादंबरीकार हेन्रिक शेन्क्येविच यांची समाधी आहे.

बाजारचौक (सुमारे ९० × ७३ मी.) ही जुन्या शहराची मध्यवर्ती जागा होय. येथील नगरभवन १८१७ मध्ये पाडले गेले. ढाल-तलवार घेतलेली जलपरी हे शहराचे बोधचिन्ह आहे. तिचा कॉन्स्तान्ती हेगेल याने घडविलेला पुतळा (१८५५) चौकाच्या मध्यभागी होता. मूळ पुतळा आता संग्रहालयात असून चौकात प्रतिकृती आहे. उत्तरेकडील घरांत वॉर्साचे संग्रहालय आहे. जवळच नदीच्या बाजूला ‘ग्नोयना गुरा’ हा उंचवटा असून एकेकाळचा हा उकिरडा आज नदीदर्शनासाठी प्रसिद्ध आहे.

बार्बिकन हा अर्धवर्तुळाकृती बुरूज १५४८ मध्ये व्हेनिसच्या एका वास्तुकाराने बांधला. तोफांपुढे तो लवकरच निरुपयोगी ठरला व एकोणिसाव्या शतकात घरांच्या गर्दीत हरवला. सध्याचा बुरूज १९५२–५४ मधील आहे. त्यापलीकडील नव्या शहरात फ्रेता रस्त्यावर मारी क्यूरी यांचे जन्मस्थान (१८६७) व संग्रहालय आहे. पोदव्हाले रस्त्यावर मोठे शिरस्त्राण घातलेल्या बालसैनिकाचा पुतळा (१९८३) उठावातील मुलांच्या स्मरणार्थ आहे.

महाराष्ट्राशी संबंध : दुसऱ्या महायुद्धकाळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती (१९४३–४८). तिचे स्मारक वॉर्सात मॉन्ते कॅसिनो लढाईच्या स्मारकाशेजारी आहे.

पुनर्रचना कार्यालयाचे दप्तरही जतन करण्यात आले असून त्याचा २०११ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. जुन्या शहरातील कोणती भिंत पुराव्यावर आणि कोणती अंदाजावर उभी आहे, हे अभ्यासकांना त्यावरून तपासता येते.