व्हिडिओ गेमच्या कॅसेटचे बाजारमूल्य व ऐतिहासिक मूल्य : बडनेरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांमध्ये ताम्रपट, नाणी, बखरी व दप्तरे यांना मानाचे स्थान आहे. घरातील खेळण्यांची गणना त्यांत क्वचितच होते. तथापि जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्रहास अलीकडे जगभर मोठी बाजारपेठ लाभली आहे. या बाजारातील किंमत कशी ठरते आणि बडनेऱ्यासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावातील कॅसेटला त्यात कोणते स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी प्रकाशित माहिती व लेखकाच्या बालपणीच्या आठवणी यांचा आधार घेतला आहे.

मूल्याचे चढउतार :
१९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट्स न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरल्या. २०१४ साली तेथे उत्खनन झाले आणि बाहेर काढलेल्या सुमारे ८८० कॅसेट्सच्या विक्रीतून १ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. वस्तुतः हा खेळ दुर्मीळ नव्हता. त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. या प्रतीचे मूळ वेष्टन मात्र अखेरपर्यंत उघडलेले नव्हते. सारांश, बाजाराने सर्वाधिक किंमत दिली ती कोणीही न खेळलेल्या खेळाला.

बडनेरा परिसरातील स्थिती :
जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ विक्रीस आले. पुढे त्याच घडणीची स्वस्त यंत्रे भारतात ‘समुराई’, ‘लिटिल मास्टर’ अशा नावांनी विकली गेली. आमच्या बालपणी नव्या वस्तीत अशा यंत्रासाठीच्या कॅसेट्स मुले आपसांत बदलून घेत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या जात. भारनियमनात वीज गेली की मिळविलेले सर्व गुण नाहीसे होत, आणि वीज येताच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. या कॅसेट्सना खोके, माहितीपत्रक व अनेकदा निर्मात्याचे नावही नसे. आत चिपवर काळ्या द्रव्याचा थेंब टाकलेला असल्याने दुरुस्तीही दुष्कर होती. त्यामुळे संग्राहकांच्या कसोट्यांवर त्यांची किंमत जवळजवळ शून्य ठरते. परवाना नसलेली नक्कल म्हणूनही त्या उपेक्षित राहिल्या आणि आज त्या भंगारात जात आहेत.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र हेच दोष पुरावे ठरतात. झिजलेल्या पट्ट्या, हाताने लिहिलेले नाव, चिकटवलेला कागद यांतून वऱ्हाडातील निमशहरी घरात संगणकीय खेळ कसा पोहोचला व वाटून खेळला गेला, हे दिसते. न उघडलेल्या खोक्याजवळ अशी साक्ष नसते.

निष्कर्ष :
१. बाजारमूल्य वस्तूच्या अस्पर्शित अवस्थेशी, तर ऐतिहासिक मूल्य तिच्या वापराशी निगडित आहे.
२. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला सामान्यतः १०० वर्षांची अट आहे; तोवर या कॅसेट्स उरणार नाहीत.
३. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्या आताच स्वीकाराव्यात आणि प्रत्येकीसोबत ती कोठून आली, कोणी वापरली व कशी दुरुस्त केली याची नोंद ठेवावी. वापरणारी पिढी हयात आहे, तोवरच हे कार्य शक्य आहे.