स्वस्त लॅपटॉपचे दोन मेंदू : सेलेरॉन एन४००० आणि एएमडी ए४-९१२५

इंटेलचा सेलेरॉन एन४००० आणि एएमडीचा ए४-९१२५ हे दोन प्रोसेसर जवळजवळ एकाच सुमारास बाजारात आले. पहिला डिसेंबर २०१७मध्ये जाहीर झाला, तर दुसरा २०१८च्या मध्यास. आपापल्या कंपनीच्या उतरंडीत दोघांचेही स्थान अगदी तळाचे होते. मुलांच्या अभ्यासासाठी, दुकानातील हिशेबासाठी किंवा घरातील ज्येष्ठांनी परदेशस्थ नातवंडांशी बोलावे म्हणून त्या काळात जे कमी किमतीचे लॅपटॉप घेतले गेले, त्यांतील अनेकांच्या पोटात या दोहोंपैकी एक किंवा त्यांचे सख्खे भावंड दडलेले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला आणि एरवी अडगळीत गेली असती अशी ही तुलना एकदम महत्त्वाची ठरली. एकाच किमतीला, एकाच वर्षी घेतलेल्या दोन लॅपटॉपपैकी एकाला पुढची वाट मोकळी राहिली आणि दुसऱ्याला नाही.

आधी वेगाचे पाहू. सेलेरॉनचा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ असून गरजेनुसार तो २.६पर्यंत चढतो. ए४चा मूळ वेगच २.३ आणि कमाल २.६ गिगाहर्ट्झ. दुकानातील पाटीवर केवळ पहिला आकडा लिहिलेला असे, त्यामुळे एएमडी दुपटीने वेगवान असल्याचा समज सहज होई. तो खरा नाही. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकते, हे प्रोसेसरच्या आतील रचनेवर ठरते. पत्रव्यवहार, ब्राउझर, साधे तक्ते अशा रोजच्या कामांत हे दोघे इतके जवळ आहेत की वापरणाऱ्याला डोळे मिटून फरक सांगता येणार नाही. दोघेही संथच, हे सांगून टाकलेले बरे.

रचनेत मात्र पुष्कळ अंतर आहे. सेलेरॉनमध्ये ‘गोल्डमाँट प्लस’ जातीची दोन स्वतंत्र गणनकेंद्रे, म्हणजे कोर आहेत आणि दोघांत मिळून ४ एमबीची कॅश स्मृती आहे. ए४ हा एएमडीच्या ‘एक्सकॅव्हेटर’ घराण्यातला. त्याचेही कोर दोनच, पण ते एका जोडघरात राहतात : सूचना आणण्याची यंत्रणा, दशांश गणिताचा विभाग आणि १ एमबीची कॅश दोघांत सामाईक. स्वयंपाकघर एकच असलेल्या दोन बिऱ्हाडांसारखी ही व्यवस्था. दोन्ही बिऱ्हाडांना एकाच वेळी चूल पेटवायची झाली की खोळंबा होतो. अशा कोरना पूर्ण कोर म्हणावे काय, हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. तो याच रचनेच्या मूळ पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत होता आणि २०१९मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

उष्णतेच्या बाबतीत सेलेरॉन सरळ सरस ठरतो. तो १४ नॅनोमीटर तंत्राने घडवलेला असून त्याची उष्णता-मर्यादा ६ वॅट आहे. ए४ २८ नॅनोमीटरचा आणि १५ वॅटचा. म्हणूनच सेलेरॉनचे अनेक लॅपटॉप पंख्याविना, अगदी निःशब्द चालतात आणि ए४च्या पंख्याची घरघर उन्हाळ्यात ऐकू येते. सेलेरॉनच्या ग्राफिक्स विभागात यूट्यूब वापरत असलेल्या व्हीपी९ पद्धतीचे चित्रपट उलगडण्याची सोय आहे. नंतर आलेल्या एव्ही१ची सोय मात्र दोघांतही नाही. जुने खेळ ए४च्या रेडिऑनवर थोडे बरे चालतात. नव्या खेळांचा विचार कोणत्याच यंत्रावर करू नये.

मग एवढा जुनाट धाटणीचा ए४ इतक्या लॅपटॉपमध्ये शिरला कसा? एक कारण अर्थात किंमत. दुसरे कारण इंटेलची टंचाई. सप्टेंबर २०१८मध्ये इंटेलचे तत्कालीन हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी जाहीर पत्रातच पुरवठा ताणला गेल्याचे मान्य केले आणि महागड्या झिऑन व कोर मालिकांना प्राधान्य देण्याचे सांगितले. त्यामुळे खालच्या थरातील लॅपटॉप बनवणाऱ्यांना एएमडीकडे वळणे सोयीचे ठरले.

खरा निवाडा झाला तो २०२१मध्ये. विंडोज ११सोबत मायक्रोसॉफ्टने मान्य प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध केली. तीत सेलेरॉन एन४००० आहे, ए४-९१२५ नाही. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझनलाही जेथे प्रवेश मिळाला नाही, तेथे त्याहून जुन्या रचनेच्या ए मालिकेची काय कथा! प्रत्यक्ष वापरात बरोबरीने रांगणाऱ्या या दोघांत एक पात्र आणि दुसरा अपात्र ठरावा, हा निकष ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य वाटत नाही. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. अट चुकवून विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्या सर्वश्रुत आहेत. तथापि, अशा यंत्रांना अद्ययावत सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे हा जुगार खेळू नये. विंडोज १०वर राहणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने सुरक्षा-सुधारणांची वाढीव मुदत जाहीर केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच.

तेव्हा सेलेरॉनवाल्यांची चैन, असे म्हणावे तर तेही नाही. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. सेलेरॉन एन४०००चे बरेच लॅपटॉप नेमके एवढ्याच भांडवलावर उभे आहेत आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या मुख्य पट्टीवर डाग देऊन पक्क्या केलेल्या आहेत. साठवणीसाठी ईएमएमसी ही चिप वापरलेली असते. ६४ जीबीच्या चिपमध्ये विंडोजला साठ जीबीपेक्षाही कमी जागा दिसते आणि मोठी सुधारणा उतरवताना तेवढीही अपुरी पडते. ३२ जीबीचे नमुने तर यादीत नाव असूनही बाद होतात. इंटेलने या प्रोसेसरसाठी ८ जीबी रॅमची मुभा दिली आहे, पण रॅम बदलताच येत नसेल तर ती मुभा कागदावरच राहते.

याउलट ए४चे लॅपटॉप बहुधा जुन्या धाटणीच्या जाड पेटीत येतात. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि रॅमसाठी खाच असते. त्यांच्या संथपणाचा मोठा वाटा प्रोसेसरचा नसून या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. हे काम एका स्क्रूड्रायव्हरचे आहे. म्हणजे ज्याला अधिकृत भवितव्य आहे तो सुधारता येत नाही आणि ज्याला सुधारता येते त्याला अधिकृत भवितव्य नाही.

ए४च्या मालकाने म्हणूनच लिनक्सचा गांभीर्याने विचार करावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या प्रोसेसरवर चालतात, सुरक्षा-सुधारणा विनामूल्य मिळतात आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही आतच असतो. ब्राउझर, पत्रे, तक्ते, दूरचित्रसंवाद एवढीच गरज असेल तर काही अडत नाही. अडते ते दुकानदाराचे : टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर चालते की नाही, हेही आधी पडताळावे लागते. अशा ठिकाणी एसएसडीवर खर्च न करता तो पैसा नव्या यंत्राकडे वळवलेला बरा.

जुन्या बाजारातून असा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या पानावर मेमरी निवडली की किती खाचा वापरात आहेत ते दिसते. तेथे ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले असेल, तर रॅम पट्टीवर पक्की बसवलेली आहे असे समजावे. ‘एसओडीआयएमएम’ असेल, तर ती बदलता येते. डिस्क या सदरात साठवणीचा प्रकार आणि क्षमता कळते. विक्रेता लॅपटॉप सुरू करून दाखवायला राजी नसेल, तर व्यवहार तेथेच सोडावा.