तळटीप : ‘गोव्याचे ते बंडखोर पाद्री’
ग्रंथकाराचा निर्देश वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेल्या आंतोनियु फ्रान्सिश्कु शाव्हियर आल्वारिस यांच्याकडे आहे. १८८६ च्या करारान्वये पोर्तुगाल आणि पोपची गादी यांनी हिंदुस्थानातील व सिलोनमधील चर्चांवरील अंमलाची नव्याने वाटणी केली, तेव्हा गोव्याच्या धर्मपीठाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या अनेक मंडळ्या नाराज झाल्या. त्या असंतोषातून, रोमची हुकमत झुगारून परंतु लॅटिन उपासनाविधी कायम राखून, जो छोटा स्वतंत्र कॅथॉलिक पंथ उदयास आला, त्याचे धर्माध्यक्ष म्हणून १८८९ साली केरळातील सुरियानी बिशपांनी आल्वारिसांना अभिषेक केला. पुढे १८९२ साली कोलंबो येथे त्यांनी जोसेफ रने व्हिलात यांना अमेरिकेसाठी बिशप केले; आणि व्हिलात यांनी १९२१ मध्ये शिकागोत जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकास तोच अधिकार दिल्यामुळे, गोऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या ताबेदारीत न राहणाऱ्या ‘आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च’ला स्वतःचा बिशप लाभला. वेर्ण्याच्या एका पाद्र्यापासून निघालेली ही परंपरा आमच्या इतिहासकारांनी उपेक्षावी, हे खेदजनक होय.

आल्वारिस स्वतः गोव्यात परतले. बिशपचा पेहराव केल्याबद्दल पोर्तुगीज अंमलदारांनी त्यांना कैद केले, तरी निराश्रित रुग्णांची शुश्रूषा त्यांनी सोडली नाही. पटकीच्या उपचारांवर त्यांनी पुस्तिका लिहिली, आणि धान्याच्या टंचाईत गरिबांच्या मुखी काही पडावे म्हणून कसाव्याच्या लागवडीचा पुरस्कार केला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी तेथील सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जतन केलेल्या आहेत.