रक्त काढणारा हात : कोणाला शिकवायचं आणि काय यायला हवं?

मागच्या वेळी आपण जखमा शिवण्याच्या इतिहासाबद्दल बोललो. आज विषय त्याहून साधा वाटेल असा आहे. हाताला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची, नळी भरली की कापूस दाबायचा. लॅबमध्ये हे काम करणाऱ्याचं नावही आपण विचारत नाही. पण हे काम कोणाला शिकवावं, शिकायला येणाऱ्याकडे आधीपासून काय असावं आणि शिकून बाहेर पडताना त्याला काय यावं, या तीन प्रश्नांवर माणसं फार जुन्या काळापासून भांडत आलेली आहेत. इतिहास वाचताना आपल्याला खरा रस त्या भांडणातच असतो.

सुरुवात सुश्रुतसंहितेपासून करू. या ग्रंथात वेगवेगळ्या काळातले थर आहेत, त्यामुळे एकच शतक सांगून मोकळं होता येत नाही. पण शिक्षणाबद्दल तो जितकं नेमकं बोलतो तितकं त्या काळातलं फार थोडं साहित्य बोलतं. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्य कसा निवडावा ते सांगितलंय. कुळ, वय, शील, शौर्य, शुचिता, विनय, शक्ती, बुद्धी, स्मरण ही यादी आहेच. शिवाय जीभ, ओठ आणि दातांची टोकं पातळ असावीत, तोंड-डोळे-नाक सरळ असावं, मन आणि वाणी प्रसन्न असावी, आणि कष्ट सोसायची तयारी असावी. आज आपल्याला ओठांचं हसू येतं. पण कष्ट सोसण्याची आणि प्रसन्न बोलण्याची अट आजच्या प्रवेशपत्रिकेतही वेगळ्या शब्दांत असतेच.

याच अध्यायात एक वाक्य आहे, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. कुळ आणि गुण असलेल्या शूद्रालाही शिकवावं, मात्र उपनयन न करता आणि मंत्र वगळून, असं काहींचं मत आहे, असं ग्रंथ म्हणतो. म्हणजे दार बंद नाही, पण अर्धंच उघडं. आणि 'काहींचं मत' हे दोन शब्द बघा, यावर तेव्हाही एकवाक्यता नव्हती.

आता हाताच्या शिक्षणाकडे. नववा अध्याय 'योग्या' म्हणजे सरावाचा. कापायचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेदण्याचा सराव पाणी आणि चिखल भरलेल्या पखालीवर. आणि शीर टोचण्याचा सराव? मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. कमळाचा देठ आतून पोकळ, बाहेरून मऊ. सुई कुठं थांबवायची ते बोटांनाच कळावं लागतं. आजच्या वर्गात रबराचा हात असतो, आत लाल पाणी. कल्पना तीच.

तिसऱ्या अध्यायात आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. नुसतं शास्त्र वाचलेला माणूस रोगी समोर आला की रणांगणावरच्या भित्र्यासारखा गांगरतो, आणि नुसता हात चालणारा, शास्त्र नसलेला, राजाकडून शिक्षेला पात्र ठरतो. दोघांची तुलना एकाच पंखाच्या पक्ष्याशी केली आहे. पाचव्या अध्यायात शस्त्र हाती घेणाऱ्याचे गुण येतात: धाडस, चपळाई, धारदार शस्त्र, घाम न येणं, हात न कापणं, आणि गोंधळून न जाणं. आम्हाला ही यादी फार आवडते, कारण हे गुण तपासता येतात. हात थरथरतो की नाही ते दिसतं.

शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात शिरावेधाची पद्धत आहे. त्यात चुकीच्या वेधाचे वीस प्रकार दिलेत: नीट न टोचलेली शीर, खोल गेलेली, तिरकी टोचलेली, चिरडलेली, एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलेली. ज्यांच्या हातात चार वेळा सुई गेली आहे त्यांनी ही यादी वाचावी. आणि तिथेच एक कबुली आहे: शिरांच्या बाबतीत पूर्ण तरबेज कोणीच नसतो, कारण त्या माशांसारख्या वळतात. म्हाताऱ्या माणसाची शीर सुईखालून निसटते तेव्हा आजचे शिक्षकही असंच काहीतरी सांगतात.

हातातल्या शिरेसाठी अंगठा मुठीत दाबून धरायला सांगितलंय, वर पट्टा. आज मात्र मूठ वारंवार उघड-मीट करू देत नाहीत, कारण त्याने रक्तातलं पोटॅशियम खोटं वाढतं. सुश्रुताला पोटॅशियमची गरज नव्हती, तो रक्त फेकून द्यायला काढत होता. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

युरोपात काय चाललं होतं ते थोडक्यात. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेनं वरच्या दर्जाच्या पाद्र्यांना डाग देण्याची आणि कापण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. लंडनमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना कायद्यानं झाली. गंमत अशी, की त्याच कायद्यानं लंडनमध्ये दाढी करणाऱ्याला शस्त्रक्रिया आणि रक्त काढणं मना केलं. फक्त दात काढायची मुभा ठेवली. न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा लाल-पांढरा खांब पाहून आपल्याला वाटतं तेवढं चित्र सरळ नाही. १७४५ साली दोघं वेगळे झाले.

आपल्याकडे हातकाम ग्रंथाबाहेर चालत राहिलं. तुंबडी लावणं, जळवा लावणं हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी असायचे. वैदू, न्हावी अशा समाजांनी हे काम केलं. शिकवण बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे. सरावाची यादी कोणी लिहिली नाही, पण सराव होता. मग १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, शिक्षण इंग्रजीतून. १९१२ साली मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला. इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. इंग्रजी आणि शाळेचा दाखला ही प्रवेशाची अट झाली, तेव्हा ज्यांच्या बोटांना शीर कळत होती ते अर्जच करू शकत नव्हते. त्यांच्या पद्धतीत घाण होती, संसर्ग होता, हे खरंच. दाखल्याची अट योग्य नव्हती असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांना शिकवून घ्यायची वाट कोणी काढली नाही, हेही खरं.

तोवर रक्त फेकण्याचा उद्योग स्वतःच संशयात आला होता. पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांची मोजदाद करून रक्त काढण्याचा फायदा समजतात त्याहून फार कमी आहे असं दाखवलं. १८३५ साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे १९०१ साली लँडस्टायनर यांनी रक्तगट मांडले. आता रक्त तपासायला काढायचं होतं. १९४९ साली जोसेफ क्लायनर यांच्या निर्वात नळीला पेटंट मिळालं आणि सुईमागे नळ्या बदलणं सोपं झालं. काम डॉक्टरकडून सरकत तंत्रज्ञाकडे आलं.

पण काम सोपं झालं म्हणून जबाबदारी हलकी झाली नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए पुढच्या नळीत गेलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. डॉक्टर त्यावर औषध देऊ शकतो. म्हणून नळ्यांचा क्रम पाठ असावा लागतो आणि टोपणांचे रंग ओळखता यायला हवेत. अनेक अमेरिकी संस्था रंग ओळखण्याची क्षमता, बारीक हातकाम, तासन्‌तास उभं राहणं आणि घाबरलेल्या माणसाशी बोलता येणं या गोष्टी प्रवेशाआधीच लिहून देतात.

कायदा कुठून आला? कॅलिफोर्नियात १९९९ साली एका लॅबमधल्या कर्मचाऱ्यानं सुया पुन्हा वापरल्याचं उघड झालं. हजारो लोकांना तपासणीसाठी बोलवावं लागलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि त्याचे नियम २००३ पासून लागू झाले. तिथे आज पूर्ण परवान्यासाठी शालांत शिक्षण, ४० तास वर्गातलं, ४० तास प्रत्यक्ष काम, आणि ५० वेळा शिरेतून व १० वेळा बोटातून रक्त काढल्याची नोंद लागते. फक्त बोटातून रक्त काढायचा मर्यादित परवाना आहे, त्याला २५ वेळा. अमेरिकेतल्या बाकी बहुतेक राज्यांत असा परवानाच लागत नाही, हेही ऐकून ठेवा.

आपल्याकडे २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. डीएमएलटीला साधारणपणे बारावी विज्ञान मागतात. गावातल्या मुलीनं दहावीनंतर शाळा सोडली असेल, पण हात स्थिर असेल, तर ती कुठल्या दारानं आत येणार, हा प्रश्न आम्हाला सुश्रुताच्या 'काहींचं मत' या शब्दांजवळ परत घेऊन जातो. कॅलिफोर्नियातला आकडा ५० आहे. कमळाचे देठ किती टोचायचे ते मात्र सुश्रुतानं सांगितलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ. रक्त देण्या-घेण्याचा, म्हणजे संक्रमणाचा, विषय पुढच्या व्याख्यानासाठी ठेवलाय, त्यामुळे त्यावरचे प्रश्न आज नकोत.