शिकवणी का लावावी लागते?

"मुलगा हुशार आहे हो, पण शिकवणी हवीच," असे आपणही कधी म्हटले असेल. ही निकड आली कुठून?

पंतोजींच्या शाळेत पोरे धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. मोडी वाचता आली, हिशेब जमला, की शिक्षण पुरे. पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे त्याच पहिल्या तुकडीतले. कॉलेजचे दार आता या परीक्षेने उघडू लागले, आणि त्यासाठी इंग्रजी हवे. बापाला मोडी येई, इंग्रजी येत नसे. मग मुलाची उजळणी घ्यायची कोणी? ज्याच्या गाठी पैसा, त्याने मास्तर घरी बोलावला. गंमत अशी, की गरिबाघरचे कित्येक विद्यार्थी अशाच शिकवण्या करून स्वतः शिकले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली. पण दार अरुंदच राहिले, आणि क्लास चालूच राहिले. तेव्हा आईबापांना हौशी म्हणू नका. ते भीतीपोटी पैसे मोजतात. ज्यांच्यापाशी मोजायला पैसेच नाहीत, त्यांच्या मुलांनी मात्र कुठे जावे?