रंग न चढणारी पट्टी

पाण्यातले कीटकनाशक ओळखणाऱ्या कागदी पट्टीचा जन्म बहुधा 2007 सालचा सांगतात. त्या वर्षी हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाणी न शिरणाऱ्या सीमा आखून थेंबाला हवी ती वाट करून दिली. पण कागद हे केवळ वाहन आहे. या पट्टीचे मूळ कुळ 1936 च्या जर्मनीत सापडते. गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते आणि हाती लागले टॅबून, युद्धात वापरण्याजोगे विष. या ऑर्गनोफॉस्फेट घराण्यातली विषे कोलिनेस्टरेज हे मज्जासंस्थेतले विकर बंद पाडतात. कीड मरते ती त्यामुळे आणि माणसाला विषबाधा होते तीही त्यामुळेच. विकर शाबूत असेल तर पिवळा रंग येईल, अशी चाचणी 1961 मध्ये एलमन व सहकाऱ्यांनी दिली. हेच विकर कागदावर वाळवले की पट्टी तयार होते. स्वच्छ पाण्यात तिच्यावर रंग चढतो, विषारी पाण्यात ती फिकी राहते.

या कुळामुळेच पट्टीची मर्यादाही ठरते. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यातला मंठा हा कापूस-सोयाबीनचा तालुका घ्या. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला घटल्या. रसशोषक किडींसाठी मात्र मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, इमिडाक्लोप्रिड ही औषधे कपाशीवर येत राहिली. यांतली पहिली दोन पट्टीच्या घराण्यातली आहेत. इमिडाक्लोप्रिड वेगळ्याच जागी मारा करते, त्यामुळे पट्टीला ते दिसत नाही. सोयाबीनवरची तणनाशकेही दिसत नाहीत. शिवाय आपल्या पेयजल मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे आणि इतक्या कमी प्रमाणाला प्रत्येक पट्टी दाद देईलच असे नाही. उन्हाळ्यातल्या उष्णतेने विकर मेले, तर चांगले पाणीही विषारी ठरेल.

मग असली अर्धवट पट्टी हवी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर भारतातच आहे. 1982 मध्ये मांजा, मौर्य आणि राव यांनी मैलामिश्रित पाणी ओळखणारी कागदी पट्टीची बाटली मांडली. पाणी काळे पडले तर ते संशयित. कोणता जंतू हे ती बाटली सांगत नाही, तरी गावोगाव उपयोगी पडली, कारण ती फक्त चाळणीचे काम करते. कीटकनाशकाच्या पट्टीलाही तेवढेच काम द्यावे. आधी खात्रीच्या स्वच्छ पाण्यावर ती तपासावी, मग फवारणीच्या हंगामात शेतालगतच्या विहिरींचे पाणी घ्यावे. रंग चढला नाही तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. रंग चढला तरी ग्रामपंचायतीने पट्टीच्या भरवशावर पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला देऊ नये.