जाळीची वात (ई-सिगारेट)

जाळीची वात : सुटे भाग जोडून पुन्हा पुन्हा बांधता येणाऱ्या ई-सिगारेटमध्ये टाकीतला द्रव कॉईलपर्यंत चढवणारी, बारीक विणीच्या स्टेनलेस स्टील जाळीची गुंडाळी. इंचाला ४०० ते ५०० छिद्रांची ही जाळी समईच्या वातीसारखीच केशाकर्षणाने चालते. मात्र ती स्वतःच विजेची वाहक असते आणि तिच्यावर बसणाऱ्या कॉईलच्या तारेतून वीज खेळत असते. धोक्याचे मूळ इथेच आहे. उघडी जाळी तारेला टेकली, की वीज सगळे वेढे पार न करता मध्येच जाळीत उतरते. ४.२ व्होल्टचा पूर्ण चार्ज झालेला सेल १ ओहम रोधातून ४.२ अँपिअर देतो, रोध ०.१ ओहमवर घसरला तर हिशेब ४२ अँपिअरवर जातो. संरक्षक सर्किट नसेल तर असा लिथियम सेल तापून फुटू शकतो.

म्हणून जाळी आधी ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून थंड करतात, तेही अनेकदा. त्यामुळे वर चढणारा ऑक्साइडचा थर विजेला अडवतो. मग जाळी गुंडाळून वेढे सैलसर घालतात, मीटरवर रोध पाहतात आणि बटण क्षणभरच दाबतात. एखादाच वेढा बाकीच्यांआधी तांबडा झाला, तर तिथे वीज गळते आहे असे समजावे. ही रीत शास्त्राला धरून आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही. थर अतिशय पातळ असतो आणि जाळी वाकवताना किंवा तार सरकवताना खरवडला जातो. मीटरचा आकडा त्या घटकेपुरताच खरा.

कापूस जळतो, जाळी जळत नाही, असा जाळीच्या बाजूने युक्तिवाद होतो. तो खरा आहे. पण करपलेला कापूस पहिल्याच झुरक्याला चवीतून कळतो आणि बदलता येतो; जाळीचा फुटलेला थर अशी सूचना देत नाही. कापूस मुळात वीजवाहक नाही, हा त्याचा मोठा गुण. संरक्षक सर्किट असल्यावर भीती कसली, हा दुसरा आक्षेप. सर्किट स्फोटाचा धोका बराच कमी करते, श्वासात काय जाते ते मात्र बदलत नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासली, तेव्हा बाटलीतल्या द्रवापेक्षा वाफेत निकेल, क्रोमियम आणि शिसे अधिक आढळले. तो अभ्यास जाळीचा नव्हता, पण तापलेल्या धातूचा अंश वाफेत उतरू शकतो, ही शंका त्याने बळकट केली. कापसाच्या वातीवरही धातूची कॉईल असतेच. त्यामुळे कापूसही हे साधन निर्धोक करत नाही, आणि निकोटिनचे व्यसन तर दोन्हींकडे सारखेच.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण सोडता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा नाही, याचा आधार घेतला जातो. पण कायदेशीर बाजारच नसल्याने जाळीची प्रत कोणी तपासत नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातली जाळी गाळणीसाठी किंवा खिडकीसाठी बनलेली असते. तिच्यावर जस्ताचा मुलामा असला, तर ती ज्योतीत धरताच जस्ताचा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.